मदत हवी आहे : शाळा व्यवस्थापन समिती सह्यांपुरतीच उरू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवी आणि शिक्षक दोन. गुरुजींचा निम्मा वेळ पाराजवळ जातो, कारण रेंज तिथेच येते. पोषण आहाराची माहिती भरा, फोटो टाका, लिंक उघडा. तोवर पाचही वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर आहेत. प्रत्यक्षात सह्यांची वही घरोघर फिरते. यंदा मीही सदस्य झालोय. रंगरंगोटी, टीव्ही म्हटलं की वर्गणी लगेच जमते (पाटीवर नाव येतं ना!), पण बैठकीला कुणी फिरकत नाही.

ऑनलाइन माहितीचं काम गावातल्या शिकलेल्या पोरांनी केलं तर चालतं का? लॉगिन द्यायला गुरुजी कचरतात, आणि ते रास्तच आहे.

दुसरं, दिवाळीनंतर बरेच पालक ऊसतोडीला जातात, मुलंही सोबत. हंगामी वसतिगृह कुणी समितीमार्फत चालवलंय का? प्रस्ताव कधी टाकला, रात्री मुलांजवळ कोण थांबायचं, मुलं गावात मागे ठेवायला त्यांच्या आयांना कसं पटवलं, एवढं तरी सांगा.