रविवारी हिमायतबागेत जायचं का? (छत्रपती संभाजीनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-३०२: रविवारी सकाळी ६ वाजता लेकरांना घेऊन हिमायतबागेत जाऊ म्हणतो. कोण कोण येणार?

बी-१०४: काका, तिथं झोपाळे, घसरगुंडी काहीच नाही. त्यापेक्षा सिद्धार्थ उद्यानात जाऊ ना.

ए-३०२: सिद्धार्थला पुढच्या रविवारी जाऊ, ताई. पण ही बाग लेकरांनी पाहायलाच पाहिजे. सतराव्या शतकातली आहे, पूर्वी मुघल गार्डन म्हणायचे. दिल्ली गेटजवळ तब्बल ३०० एकर! आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे तिथं. चिंचेची 'शिवाई' जात तिथलीच. शक्कर बावडी ही जुनी विहीरही आतच आहे, ती लांबूनच दाखवू.

सी-४०१: हौ काका. आमच्या शेतातली केसर आंब्याची कलमं तिथूनच आणलेली. वडिलांनी एसटीत मांडीवर घेऊन आणली. गावरान कोयीच्या रोपावर केसरची काडी पाचर मारून बसवलेली, वर पट्टी बांधलेली. जोडाला धक्का लागू नये म्हणून गाव येईपर्यंत त्यांनी एक हात आडवा धरला होता. जोडाच्या खाली फुटवा दिसला की लगेच खुडायचा, नाहीतर गावरान वाढतं अन् केसर मरतं, हे त्यांनीच शिकवलं. ती झाडं अजून फळ देतात.

बी-१०४: मला तर ती रिकामी पडलेली सरकारी जागा वाटायची.

डी-२०३: रिकामी कसली ताई! मे महिन्यात दुपारी गाडीवर तिकडून जाताना अंगावर गार झुळूक येते. आपल्या शहरात एवढी सावली दुसरीकडं कुठंय?

सी-४०१: एक मात्र पाळा. मागच्या उन्हाळ्यात आपल्याच मुलांनी तिथं दगड मारून कैऱ्या पाडल्या. मला फार वाईट वाटलं. संशोधनाच्या झाडाची फळं मोजायची, तोलायची असतात. पिशवीभर कैऱ्या गेल्या की त्या झाडाचा त्या वर्षीचा हिशेबच चुकतो.

बी-१०४: बाप रे. त्यात आमचाही होता. घरी आणल्या तेव्हा मीच मीठ-तिखट लावून दिल्या. समजावते त्याला.

ए-३०२: मी उद्याच ऑफिसात जाऊन परवानगीचं विचारून येतो. सगळ्यांनी पाणी घरून आणा, प्लास्टिक नको.

बी-१०४: आम्ही तिघं येतो. काका, जाताच आहात तर केसरच्या कलमाचा भावही विचारा. पाऊस पडला की आईच्या गावी दोन लावायचीत.