हॅस्केल प्रकल्पाचा बिल्ड सर्व संगणकांवर सारखा व्हावा यासाठी निक्स आवश्यक आहे का?

प्रश्न
नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही काही मित्र मागणी-नोंदीची प्रणाली हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहीत आहोत. कबाल या हॅस्केलच्या बिल्ड-साधनाची फ्रीझ फाइल आम्ही गिटमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) ठेवतो, तरीही माझ्या उबंटू लिनक्सवर पूर्ण होणारा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणे) सहकाऱ्याच्या फेडोरा लिनक्सवर पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या पॅकेजपाशी थांबतो. आम्ही स्टॅक या दुसऱ्या बिल्ड-साधनाकडे वळावे की निक्स हे पॅकेज-व्यवस्थापनाचे साधन शिकावे? कार्यालयातील इंटरनेट मंद आहे.

उत्तर १
फ्रीझ फाइल फक्त हॅस्केल पॅकेजांच्या आवृत्त्या बांधून ठेवते. आपले पॅकेज मात्र लिबपीक्यू या सी भाषेतील लायब्ररीवर अवलंबून असते आणि ती कार्यप्रणालीकडून येते. फेडोरावर ‘लिबपीक्यू-डेव्हेल’ बसवून पाहावे. बहुधा आजची अडचण तेवढ्याने सुटेल. कंपायलरही सर्वांकडे एकच असावा, कारण ‘बेस’ हे मूलभूत पॅकेज त्याच्यासोबतच येते: जीएचसी या हॅस्केल कंपायलरच्या ९.४ आवृत्तीसोबत ‘बेस’ ४.१७, तर ९.६ सोबत ४.१८. स्टॅकचा एलटीएस संच (एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची ठरलेली यादी) कंपायलर आणि पॅकेजे दोन्ही ठरवून देतो, पण लिबपीक्यूचा प्रश्न तिथेही उरतोच.

उत्तर २
वरील उपाय योग्य आहे, परंतु उद्या तिसऱ्या संगणकावर दुसरी एखादी लायब्ररी नसेल, तेव्हा हाच शोध पुन्हा घ्यावा लागेल, म्हणून मी निक्सचा आग्रह धरेन. एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये उट्रेख्त विद्यापीठातील प्रबंधात मांडलेली त्यामागची कल्पना हॅस्केल लिहिणाऱ्याला लगेच पटावी अशी आहे: पॅकेज म्हणजे शुद्ध फलनाचे फलित असून स्रोत, कंपायलर, लायब्रऱ्या आणि बिल्डच्या सूचना ही त्याची निविष्टे होत. या सर्वांवरून काढलेला हॅश (ओळखीचा सांकेतिक क्रमांक) पॅकेजच्या साठवण-मार्गातच येतो, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकमेकींना धक्का न लावता नांदतात. सँडबॉक्समधील, म्हणजे बाकी संगणकापासून अलग ठेवलेल्या, बिल्डला घोषित न केलेली लायब्ररी दिसतच नाही, म्हणून राहून गेलेली गोष्ट आपल्याच संगणकावर उघडी पडते, आणि माझ्या मते निक्सचे खरे मोल यातच आहे.

मंद इंटरनेटवर पहिले डाउनलोड जड जाईल. निक्सपीकेजीएस या निक्सच्या पॅकेज-संग्रहातील मूळ जीएचसीच वापरावा, म्हणजे बहुतेक पॅकेजे निक्सच्या ऑनलाइन कॅशमधून तयार मिळतात. निराळा कंपायलर निवडल्यास ती पॅकेजे आपल्याच संगणकावर बांधत बसावे लागते. एका संगणकावर आलेले सर्व काही ‘निक्स कॉपी’ने स्थानिक नेटवर्कवरून इतरांना देता येते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे कबाल सोडून द्यावे लागेल का?

उत्तर २
नाही. कंपायलर, कबाल आणि लिबपीक्यू निक्सच्या शेलमधून घ्यावेत आणि रोजचा बिल्ड त्या शेलमध्ये कबालनेच करावा. फ्लेकची (निक्समधील प्रकल्प-वर्णनाची) लॉक फाइल फ्रीझ फाइलसोबत गिटमध्ये ठेवावी. सहकारी विंडोज वापरत असल्यास त्याला डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) लागेल.