मदत हवी आहे: प्री-व्हेटसाठी (व्हेटरिनरी कॉलेजच्या आधीच्या पदवीसाठी) लिंकन की आयोवातलं एम्स?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ओमाहाला राहतो. लेक यंदा बारावीत आहे, तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. गेल्या उन्हाळ्यात सांगलीकडे आजोबांच्या गोठ्यात म्हैस अडली होती. डॉक्टरांच्या शेजारी बाह्या सावरून ही दोन तास बसली, रेडकू उभं राहीपर्यंत हलली नाही. तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाही.

आता नेब्रास्का विद्यापीठ, लिंकन आणि शेजारच्या आयोवा राज्यातलं आयोवा स्टेट विद्यापीठ, एम्स यांत अडकलोय. दोन्ही लँड-ग्रँट (शेतीशिक्षणासाठी सरकारी जमिनीच्या मदतीवर उभी राहिलेली), दोन्हीकडे अ‍ॅनिमल सायन्स उत्तम. प्री-व्हेट ही काही वेगळी पदवी नव्हे, रसायन, जीवशास्त्र, भौतिक वगैरे विषय कुठेही होतील. लिंकन घरापासून तासाभरावर, शिवाय राज्यातल्यांची कमी फी. एम्सला मात्र 1879 पासूनचं व्हेट कॉलेज आवारातच आहे, म्हणजे मोठ्या दवाखान्यात लवकर हात घालायला मिळेल असं तिला वाटतं.

माझं मन लिंकनकडे झुकतंय. तिथल्या 2+2 योजनेत डीव्हीएमची (पशुवैद्यकाच्या पदवीची) पहिली दोन वर्षं लिंकनला आणि पुढची दोन एम्सलाच असतात. मग आधीच चार वर्षं जास्त फी का भरायची? चार वर्षांच्या डीव्हीएमचा खर्च पुढे आहेच.

कुणाची मुलं या वाटेने गेली आहेत का? पहिल्या वर्षापासून गाईगुरांबरोबर काम कुठे मिळालं? शिफारसपत्र देण्याइतकं प्राध्यापक मुलांना ओळखतात का? आणि पदवी एम्सला केली तर नेब्रास्काच्या रहिवाशांच्या डीव्हीएम जागांवरचा हक्क टिकतो का? मे महिन्याच्या आत ठरवायचंय, अनुभव जरूर सांगा.