फ्लो सेपरेशनला मराठीत काय म्हणाल?

दगडधोंडे: वाऱ्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. स्कॉटलंडमध्ये साऊथ उइस्ट बेटावर अस्करव्हेन नावाची टेकडी आहे, जेमतेम ११६ मीटर, पण १९८२-८३ मध्ये तिथे मास्ट (वारा मोजायचे उंच खांब) उभारून वारा मोजला आणि तेव्हापासून ज्याला त्याला आपलं वाऱ्याचं कॉम्प्युटर मॉडेल आधी तिच्यावर तपासायची सवयच लागली. माथ्यावर वारा जोर धरतो, ते मॉडेलला बऱ्यापैकी जमतं. गाडी अडते पलीकडच्या उतारावर. तिकडे जमिनीलगतचा वारा मंदावत जातो, आणि उतार फारच तीव्र असला तर जमीन सोडतो नि खाली उलटा फिरायला लागतो. हेच फ्लो सेपरेशन. याला मराठीत शब्द काय? मी 'प्रवाह विलगीकरण' लिहिलं तर संपादक म्हणाले, वाऱ्याला कोविड झालाय का.

शुद्धमती: विलगन. 'करण' लावलं की कोणीतरी मुद्दाम केलं असा अर्थ होतो, इथे आपोआप होतंय. आणि टर्ब्युलन्सला (वाऱ्याच्या वेड्यावाकड्या हेलकाव्यांना) संक्षोभ, कृपया खळबळ नको.

चहाबाज: संक्षोभ म्हटलं की मला मोर्चा आठवतो 😀 सरळ 'वारा सुटतो' लिहा की.

दगडधोंडे: अहो 'वारा सुटला' म्हणजे वाहायला लागला! नेमका उलटा अर्थ.

चहाबाज: बरं मग 'वारा उतार सोडतो'. शेतकऱ्याला पण कळेल.

शुद्धमती: वाक्य झालं ते, संज्ञा नाही. 'विलगन बिंदू', 'विलगन क्षेत्र' असे पुढचे शब्द कसे पाडणार?

पवनचक्कीवाला: साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांवर काम केलंय. तिथे सगळे सेपरेशनच म्हणतात, कोणाचं काही अडत नाही. कड्याच्या फार जवळ टर्बाईन नको एवढं कळलं की झालं, नाहीतर पात्यांना खालून-वरून असे धक्के बसतात की बेअरिंगची वाट. आणि झाडी असली तर कमी उताराला पण वारा सुटतो (सॉरी, सोडतो), कारण जमिनीलगत आधीच दमलेला असतो. आता त्या रफनेस लेंथला (जमिनीचा खडबडीतपणा वाऱ्याला किती अडवतो, त्याचा आकडा) काय म्हणणार, खडबडलांबी?

शुद्धमती: रुक्षता लांबी चालेल.

दगडधोंडे: रुक्ष म्हणजे कोरडा ना ताई. शिवाय ती गवताची उंची नव्हेच, साधारण तिच्या दहाव्या हिश्श्याएवढा आकडा असतो, गवताळ जागी दोनतीन सेंटिमीटर धरतात. 'लांबी' वाचून लोक पट्टी घेऊन मोजायला जातील.

आजोळ_सातारा: आमच्या आजीकडे शब्द होता की, वावटळ! टेकडीमागे वारा गोल फिरतो तीच. वाव म्हणजे वारा, तो टळतो म्हणून वावटळ.

शुद्धमती: टळण्याचा काय संबंध? संस्कृतात वातूल आहेच, तिकडून बघा. आणि वावटळ उभी फिरते, उन्हाने तापलेल्या रानात. उतारामागचा भोवरा आडवा, लाटणं फिरावं तसा.

आजोळ_सातारा: आजीला आडवं-उभं माहीत नव्हतं, पण धूळ डोळ्यात जायची. मग सडावाघापूरचा उलटा धबधबा पण सेपरेशनच ना?

पवनचक्कीवाला: नाही हो, तो वाऱ्याच्या समोरच्या कड्यावर. वारा कड्याला धडकून वर चढतो आणि पाणी घेऊन येतो. नाणेघाटात पण तेच.

दगडधोंडे: मंडळी, विलगन की सोडणं? उद्या लेख द्यायचाय.

चहाबाज: सडावाघापूरला पाटणवरून जावं की चाफळवरून? रस्ता कुठला बरा आहे सध्या?