चौकशीच्या खिडकीशेजारी टच-स्क्रीन मशीन: खरंच उपयोग होतो का?

घोडबंदरकर

मुद्दा सरळ मांडतो. रेल्वे स्टेशन, सरकारी रुग्णालय, पालिकेचं प्रभाग कार्यालय, तहसील, अशा प्रत्येक ठिकाणी लोकांना स्वतः बघून माहिती घेता येईल असं मशीन, म्हणजे कियॉस्क, असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. "आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, कियॉस्क कशाला?" हा प्रश्न हल्ली जो तो विचारतो. मला तो पटत नाही.

मोबाईलवर माहिती मिळवायची म्हणजे आधी अ‍ॅप उतरवा, नंबर टाका, ओटीपीची वाट बघा. ठाण्याला पश्चिमेला पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला एवढंच कळायला हवं असतं की आपली बस वर सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलावरून, सुटते की खालून, आणि रांग कुठली. ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने वाशीला जाणाऱ्याला हवं असतं की पुढची गाडी फलाट ९ वर लागते, १० वर की १०-अ वर. ज्या जागी प्रश्न पडतो त्याच जागी उत्तर मिळावं. त्यासाठी अ‍ॅपवर नाव नोंदवायची गरज काय?

दुसरी गोष्ट फार कोणी बोलत नाही. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर मागे रांग उभी असते आणि काचेच्या छोट्या भोकातून ओरडून विचारावं लागतं. कुणाला मानसोपचार विभागात जायचं असतं, कुणाला गुप्तरोगाच्या ओपीडीत, एखाद्या मुलीला गर्भपाताबद्दल विचारायचं असतं. हे सगळं दहा अनोळखी माणसांच्या कानावर घालूनच विचारायचं का? अशी माणसं न विचारताच परत जातात. मशीनसमोर माणूस हवं ते शांतपणे वाचू शकतो, पुन्हा वाचू शकतो, आणि "एकदा सांगितलं ना!" असं म्हणून कोणी वसकन अंगावर येत नाही.

तिसरं, पैशाचं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठली सेवा किती दिवसांत मिळेल, फी किती, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि काम अडलं तर अपील कुणाकडे करायचं, हे प्रत्येक कार्यालयाने लावायचं असतं. पुष्कळ ठिकाणी तो फलक कपाटामागे अर्धा झाकलेला असतो, नाहीतर एवढ्या उंचावर की मान मोडेल. तीच यादी मशीनमधून कागदावर छापून हातात मिळाली, तर बाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटाला "फी किती ते मला माहीत आहे" असं सांगायची हिंमत येते. माझ्या लेखी कियॉस्कचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

---

कोपरीकर

उद्देश चांगला आहे, पण साहेब, ही मशीनं सहा महिन्यांनी कशी दिसतात ते बघितलंय का? आमच्या भागातल्या एका सरकारी इमारतीत तळमजल्यावर असं मशीन उभं आहे. कडेचं प्लास्टिकचं आवरण अजून निघालेलं नाही. पडद्यावर मधोमध कसली तरी अपडेटची चौकट अडकलेली, खाली "ओके" आणि ते दाबलं जात नाही. वर कुणीतरी चिकटपट्टीने कागद लावलाय: "चौकशी खिडकी क्र. २ वर करावी." शेजारच्या सपाट जागेचा उपयोग लोक पिशव्या टेकायला करतात.

याचं कारण कर्मचारी आळशी आहेत असं नाही. खरेदीला निधी मिळतो, उद्घाटनाला फोटो मिळतो, पण देखभालीच्या कराराची मुदत संपली की ते मशीन कुणाच्याच टेबलावर राहत नाही. माहिती बदलायचा अधिकार कुणाला, हेही ठरलेलं नसतं. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव वर्षभर झळकत राहतं. चुकीची माहिती देणारं मशीन बंद मशीनपेक्षा वाईट, कारण पडद्यावरच्या अक्षरावर माणूस पटकन विश्वास ठेवतो.

माझा आग्रह रंगवलेल्या फलकाचा आहे. नवी मुंबईचंच घ्या. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, शहर नोडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या उपनगरांत, वसवलं आणि प्रत्येक नोडचे सेक्टर पुन्हा एकपासून मोजले. त्यामुळे सेक्टर ८ वाशीत आहे, नेरूळला आहे, ऐरोलीत आहे, बेलापूरलाही आहे. नवा माणूस हमखास गोंधळतो. त्याला स्टेशनबाहेर मोठा, ठळक अक्षरांचा नकाशा हवा, "आपण इथे आहात" असा लाल ठिपका असलेला. दहा माणसं एकाच वेळी बघू शकतात. वीज गेली तरी तो चालतो. मशीनपुढे मात्र एकच जण उभा राहणार आणि बाकीचे त्याच्या पाठीकडे बघत ताटकळणार.

---

नेरूळ_ते_ठाणे

मी रोज ट्रान्स-हार्बरने जाते. आपल्याकडे सार्वजनिक मशीन कसं रुजतं हे बघायचं असेल तर एटीव्हीएम, म्हणजे स्टेशनवरचं लोकलचं तिकीट काढायचं मशीन, बघा. स्मार्ट कार्ड, पडद्यावर स्टेशनांचा नकाशा, आता क्यूआर कोडने पैसे. तरीही गर्दीच्या वेळी लोक मशीनला हात लावत नाहीत. शेजारी रेल्वेने नेमलेला फॅसिलिटेटर उभा असतो, सुरुवातीला हे बहुतेक निवृत्त रेल्वे कर्मचारी असायचे. त्याच्या हातात सुट्टे पैसे ठेवायचे, "दोन वाशी रिटर्न" म्हणायचं. तो पडद्याकडे न बघता चार ठिकाणी बोट टेकवतो आणि तिकीट हातात. खिडकीवर पंधरा मिनिटं लागतात तिथे हे काही सेकंदांत होतं. कार्डाच्या रिचार्जवर जो जादा बोनस मिळतो तीच त्याची कमाई.

आता याचा अर्थ काय लावायचा? माझे ऑफिसातले सहकारी म्हणतात, मशीन फसलं, शेवटी माणूसच लागला. मला उलट वाटतं. खिडकी उघडायला खोली लागते, पगारी कर्मचारी लागतो, गल्ला मिळवावा लागतो. इथे तेच काम पुलाच्या तोंडाशी, जिन्याखाली, कुठेही उभं राहून होतं. मशीन आणि माणूस ही जोडी चालली. माहितीच्या कियॉस्कला आपण फक्त मशीन देतो आणि जोडीतला दुसरा भिडू देत नाही.

---

घोडबंदरकर

@कोपरीकर, फलक हवेतच, त्याला माझा विरोध नाही. पण फलकावर "आज डॉक्टर रजेवर आहेत, ओपीडी बंद" हे येणार नाही. शहापूर-मुरबाडहून पहाटे निघून ठाण्यात आलेल्या माणसाला तेच सगळ्यात आधी कळायला हवं. आणि देखभाल होत नाही म्हणून मशीनच नको, हा न्याय लावला तर सरकत्या जिन्यांपासून पाणपोईपर्यंत सगळंच काढावं लागेल.

@नेरूळ_ते_ठाणे, ताई, जोडीचा मुद्दा एकदम मान्य.

---

ऐरोलीचा_वाटसरू

मला दिसत नाही. हा धागा मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतोय, आणि एवढी चर्चा होऊनही सपाट काचेबद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून लिहितो.

मोबाईलची काचही सपाटच असते, पण तो माझ्याशी बोलतो. सार्वजनिक कियॉस्क बोलत नाही. त्याच्या काचेवर बोट फिरवून मला काहीच कळत नाही, चुकून काय दाबलं जाईल त्याचा नेम नाही. म्हणजे डोळस माणसाची ज्या रांगेतून सुटका होते त्या रांगेत मी उभाच राहणार, आणि उद्या खिडकी बंद केलीत तर मला तीही उरणार नाही. घोडबंदरकर ज्या खासगीपणाबद्दल पोटतिडकीने बोलले तो मलाही हवा आहे. आज मला माझा आजार शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून त्याच्याकडून बटण दाबून घ्यावं लागतं.

हे अशक्य असतं तर मी बोललो नसतो. बोलणारं एटीएम आपल्या देशात २०१२ मध्ये युनियन बँकेने अहमदाबादला सुरू केलं. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून बसणाऱ्या प्रत्येक नव्या एटीएमला आवाजी मार्गदर्शन आणि ब्रेल कीपॅड बंधनकारक केलं. मी इअरफोन लावतो, पाचच्या बटणावरचा उंचवटा चाचपतो आणि माझे पैसे मी काढतो. ज्या दिवशी हे पहिल्यांदा एकट्याने जमलं तो दिवस मी विसरणार नाही. मग तीच सोय माहितीच्या मशीनला का नको? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. निविदेत दोन ओळी वाढवायच्या: इअरफोनची खाच आणि बटणांची पट्टी. व्हीलचेअरवरच्या माणसाचा हातही पोचला पाहिजे. अमेरिकेच्या नियमात त्याची कमाल उंची ४८ इंच धरली आहे, आपल्याकडे पडदा उभ्या माणसाच्या तोंडासमोर बसवतात. या गोष्टी होईपर्यंत माझं मत नव्या मशीनच्या विरोधात.

---

रबाळे_सर्व्हिसवाला

अशी मशीनं दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

"टच होत नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि अर्ध्या वेळा मशीन ठीक असतं. मोबाईलसारखा जो पडदा असतो त्याला बोटाच्या कातडीतून जाणारा सूक्ष्म विद्युतभार लागतो. धुणीभांडी करणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या, मार्केटात गोण्या उचलणाऱ्या माणसाची बोटं कोरडी आणि भेगाळलेली असतात. त्यांचं बोट पडदा नीट ओळखत नाही. माणूस जोर लावून दाबतो, मग नखाने दाबतो, मग शरमून बाजूला होतो. मी हे समोर उभं राहून बघितलंय, आणि तो माणूस "आपल्याला जमत नाही" असं समजून गेला याचं फार वाईट वाटतं. दुसरा प्रकार इन्फ्रारेड चौकटीचा. त्यात काडीनेही काम होतं, पण कडेला धूळ साठली किंवा थेट ऊन आलं की भलत्याच जागी दाबल्यासारखं वागतं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची धूळ तुम्हाला माहीत आहे. म्हणजे बाहेरच्या जागी एक प्रकार, आतल्या जागी दुसरा, हे आधी ठरवून घ्यायला हवं. खरेदीच्या कागदावर नुसतं "टच-स्क्रीन" लिहिलेलं असतं.

छपाईचंही तसंच. पावती थर्मल कागदावर निघते, उन्हात किंवा खिशात महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं उडतात. अपिलाची माहिती त्यावर देणार असाल तर झेरॉक्स काढून ठेवा असं खाली छापायला हवं. आणि रोल संपला की बदलणार कोण? बाहेरची एजन्सी नाही, त्याच इमारतीतला कुणीतरी हवा.

---

निवृत्त_खिडकीवाला

नोकरीचा बराच काळ मी चौकशीच्या खिडकीत काढला. मशीनला माझा विरोध आहे आणि तो नोकऱ्या जातील म्हणून नाही. लोक जे विचारतात ते त्यांना हवं असतंच असं नाही.

बाई येतात, "दाखला कुठे मिळतो?" म्हणतात. मशीन त्यांना दाखल्यांची यादी दाखवेल: उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा. त्यांना यातला कुठला हवा हेच माहीत नसतं. मी विचारायचो, "कशासाठी हवाय?" उत्तर यायचं, मुलीच्या कॉलेजने मागितलाय. "कॉलेजने दिलेला कागद दाखवा." कागद बघितला की कळायचं, उत्पन्नाचा दाखला हवा आणि शेवटची तारीख परवा. मग त्यांना सेतूत पाठवताना सांगायचो, रेशनकार्ड आणि आधारची प्रत आत्ताच काढून घ्या, वर गेल्यावर परत खाली यायला लागेल. हे "कशासाठी?" कुठलं मशीन विचारतं?

आणि मराठीचा पर्याय निवडल्यावर पहिलं पान मराठीत, पुढचं इंग्रजीत, हा अनुभव सगळ्यांनाच असेल. त्यावर वेगळं लिहीत नाही.

---

घोडबंदरकर

काका, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक खिडकीत असता तर मी हा धागा काढलाच नसता. पण तुमची खिडकी पावणेदोनला बंद व्हायची, तुम्ही रजेवर जायचात आणि तुमच्यानंतर जो बसला तो "कशासाठी?" विचारतोच असं नाही. तुमचा तो प्रश्न मशीनमध्ये पहिल्याच पानावर घालता येतो: कॉलेजसाठी, नोकरीसाठी, घरासाठी, पेन्शनसाठी. खात्यांची नावं वाचायला न लावता लोकांच्या कामापासून सुरुवात करायची. हे तुमच्यासारख्यांना बसवून लिहून घ्यायला हवं, आणि तेच कोणी करत नाही.

बँकेतलं पासबुक छापायचं मशीन बघा. पासबुकावर बारकोड चिकटवलेला, पुस्तक उघडून आत सरकवायचं, बास. काही निवडायचं नाही, कुठे टाईप करायचं नाही. ज्यांना वाचता येत नाही असे लोकही बिनदिक्कत वापरतात. एकच काम, पण पुरं. केसपेपरवर असाच बारकोड छापला आणि मशीनसमोर धरल्यावर "दुसरा मजला, डावीकडे, खोली अमुक" असं पडद्यावर आलं आणि मोठ्याने ऐकूही आलं, तर ऐरोलीकरांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

---

ऐरोलीचा_वाटसरू

निम्माच. बारकोड कागदाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते मला दिसत नाही. तो कोपरा कापलेला ठेवा, म्हणजे हाताला कळेल. शिवाय सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात माझी ओपीडी सांगू नका, इअरफोनची खाच हवीच.

---

कोपरीकर

कापलेला कोपरा ही या धाग्यातली सगळ्यात स्वस्त आणि कामाची सूचना. माझी अट मात्र कायम आहे. मशीनवर, पडद्याच्या वर, न पुसल्या जाणाऱ्या अक्षरांत दोन गोष्टी छापा: हे बंद पडलं तर याच इमारतीतल्या कुठल्या पदाच्या माणसाकडे जायचं, आणि आतली माहिती शेवटची कधी तपासली ती तारीख टाकायला रकाना. महिनाभर रकाना कोरा राहिला तर मशीन उचलून न्या आणि तिथे फलक लावा. एवढं मान्य असेल तर एका प्रभाग कार्यालयात करून बघायला माझी हरकत नाही. खिडकी क्र. २ मात्र उघडी ठेवायची.