अवकाश स्थानकाचं चित्र तिरकं येतंय त्याबद्दल

साताऱ्यातून अवकाश स्थानकाची एसएसटीव्ही (रेडिओवरून आवाजाच्या रूपात येणारी) चित्रं तिरकी आणि मुंग्यांनी भरलेली येतात, म्हणून तुम्ही अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं म्हणताय. कृपया घेऊ नका! तिरकेपणा साउंड सेटिंगचा आहे. एसडीआर (संगणकावरचा रेडिओ) सॉफ्टवेअर, त्यातला आवाज पुढे नेणारी व्हर्च्युअल केबल आणि आवाजाचं चित्र करणारा डिकोडर, तिन्हीकडे सॅम्पल रेट ४८,००० हर्ट्झच ठेवा. मुंग्यांचं कारण बहुधा डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर). स्थानकाच्या १४५.८०० मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर डॉप्लरने (स्थानकाच्या वेगामुळे) सिग्नल फार तर साडेतीन किलोहर्ट्झ सरकतो. स्वस्त डोंगल ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) चुकला तर सात किलोहर्ट्झहून जास्त! तो आधी वीसेक मिनिटं तापू द्या, मगच पीपीएम दुरुस्त करा. स्क्वेल्च (कमजोर सिग्नलचा आवाज तोडणारी सोय) बंद. अँटेनाला ४९ सेंमीच्या दोन दांड्या, १२० अंशांत, आडव्या. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, दोन्हीकडे डोंगर आडवे येतात. त्यामुळे स्थानकाचे क्षितिजापासून ३० अंशांहून वर चढणारे फेरेच धरा.