आजारामुळे वजन वाढलंय, पोट फुगतंय, अंगावर सूज येतेय: तुमचे अनुभव लिहा (ठाणे-नवी मुंबई)

ऐरोली

ज्यांचं स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं वजन, पोट, सूज एखाद्या आजारामुळे वाढलंय त्यांनी इथे लिहा. डाएट प्लॅन नकोत, रोज उपाशीपोटी मेथीचं पाणी प्या हेही नको. काय झालं, कळलं कसं, लोक काय बोलले आणि आता रोजचं कसं निभावताय ते सांगा. आपल्याकडे बाई जाड झाली की ती खाते आणि पुरुषाचं पोट सुटलं की तो पितो असं धरूनच चालतात, तिसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून हे लिहिणं मला फार गरजेचं वाटतं.

माझ्यापासून सुरुवात करते. ऑफिस महापेला. एसीत सगळे नॉर्मल बसलेले असायचे आणि मी स्वेटर घालून, आवाज घोगरा, पोट साफ नाही, केस मूठमूठ जाताहेत, संध्याकाळी हातातल्या बांगड्या साबण लावल्याशिवाय निघत नव्हत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी सगळ्यांसमोर पोटाकडे बघून "काय गं, दुसरं का?" विचारलं. थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच खूप वाढलेलं निघालं, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, म्हणजे हाशिमोटो, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते. डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती, की नुसत्या थायरॉईडमुळे वाढतं ते साधारण 2 ते 5 किलो आणि त्यातलंही बरंचसं मीठ आणि पाणी असतं, त्यामुळे गोळी सुरू झाली की सगळं वजन उतरेल अशी आशा धरू नका. वाईट वाटलं ऐकून, पण निदान खरं काय ते कळलं. गोळी सकाळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा आयर्नची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच. सासूबाई आता चहाचं आधण ठेवायच्या आधी "गोळी घेतलीस का गं" विचारतात, मला त्या एका वाक्याचा फार आधार वाटतो.

वर्तकनगर, ठाणे

मी मुलाबद्दल लिहितोय. सकाळी उठला की डोळे सुजलेले, दुपारपर्यंत उतरायचे, आम्हाला वाटलं डास चावला असेल नाहीतर अॅलर्जी. मग पाय सुजले, मोज्याचा वळ संध्याकाळपर्यंत जात नव्हता, बोटाने नडगीवर दाबलं की खड्डा तसाच राहायचा, पोट टम्म. लघवीला फेस. तपासण्यांमध्ये नेफ्रोटिक सिंड्रोम निघाला, किडनीतून प्रोटीन गळतं आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी झालं की पाणी अंगात साठतं, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. आठवड्याभरात वाढलेलं वजन हे सगळं पाणीच होतं.

उपचार म्हणजे स्टेरॉईड, पहिल्या वेळी सहा आठवडे रोज आणि नंतर सहा आठवडे दिवसाआड. बहुतेक मुलांना याने गुण येतो, आमच्यालाही आला, सूज उतरली. पण सूज उतरता उतरता स्टेरॉईडचं वजन चढायला लागलं. तोंड गोल झालं, गाल लाल, भूक एवढी की रात्री उठून पोळी मागायचा. ओळखीतले म्हणायचे "वा, आता तब्येत सुधारली". मी आणि मिसेस एकमेकांकडे बघायचो, काय उत्तर द्यायचं. शाळेत पोरं लाडू म्हणायला लागली तेव्हा मिसेसने क्लासटीचरना भेटून सगळं समजावलं, बाईंनी वर्गात नाव न घेता औषधांमुळे शरीर कसं बदलतं ते मुलांना सांगितलं आणि चिडवणं बरंच थांबलं. त्या बाईंचे उपकार आहेत आमच्यावर.

एक गोष्ट सगळ्या आईवडिलांना हात जोडून सांगतो, चेहरा गोल झाला म्हणून गोळी मनाने बंद करू नका. स्टेरॉईड अचानक थांबवलं तर शरीराचं स्वतःचं हार्मोन लगेच तयार होत नाही, पोर सिरीयस होऊ शकतं. डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू कमी करायचं. आमच्या फ्रिजवर वही टांगलेली आहे, रोज सकाळच्या पहिल्या लघवीत प्रोटीन तपासायची पट्टी बुडवायची, रंग बघायचा, लिहायचं. तीन दिवस सलग 3+, म्हणजे खूप प्रोटीन, आलं की डॉक्टरांना फोन.

कळवा

सासऱ्यांचं. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, वारकरी माणूस, माळ आहे गळ्यात. डायबिटीस जुना, त्यातून फॅटी लिव्हर, त्यातून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. हातपाय काडीसारखे आणि पोट एवढं की पायजम्याची नाडी पुरेना, बेंबी बाहेर आली. काट्यावर वजन वाढत होतं आणि माणूस मात्र वाळत होता. चाळीत कुजबुज सुरू झाली की म्हातारा लपून पीत असणार. बाबांनी खाली देवळात जाणंच सोडलं, मला त्याचा अजून राग येतो!!

पोटात पाणी साठतं त्याला जलोदर म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. लघवी वाढवायच्या गोळ्या आहेत, फार भरलं की सुईने काढतात. पण खरी लढाई मिठाची. दिवसाला सगळं मिळून साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात पाव, बिस्किटं, फरसाण यातलं मीठ पण आलं. लोणचं पापड तर गेलंच. मी त्यांची आमटी आधी बाजूला काढते, लिंबू आणि जिऱ्याची पूड जास्त, मग बाकीच्यांच्या आमटीत मीठ. कुणीतरी लो सोडियम मीठ आणून दिलं होतं, डॉक्टरांनी लगेच बंद करायला सांगितलं कारण त्यात पोटॅशियम असतं आणि बाबांच्या एका गोळीनेही पोटॅशियम वाढतं. दुखण्याच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत, किडनीवर येतं.

ऐरोली

कळव्याच्या ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि वजन वाढतंय पण माणूस वाळतोय हे तुम्ही लिहिलंत ते प्रत्येकाने वाचायला हवं, काटा बघून आपण एकच अर्थ काढतो.

नेरूळ

आईला गॅस होतो असं सगळं घर समजत होतं. ओवा, हिंग, सोडा, गॅसच्या गोळ्या, सगळं चालू. आई साठीच्या जवळ. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, साडीची गाठ सैल करून बसायची, लघवीला सारखं जावं लागायचं. जेवण कमी आणि पोट पुढे. मधे चांगलं वाटायचं असं नव्हतंच, रोज तेच. फॅमिली डॉक्टर बाई होत्या त्यांनी वेळ न घालवता सोनोग्राफी आणि सीए-125 ही रक्ततपासणी करायला लावली कारण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं सततचं फुगणं सुरू झालं तर नुसतं गॅस म्हणून सोडायचं नसतं असं त्या म्हणाल्या. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, त्यासाठी खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेक या कॅन्सर सेंटरला जात होतो. आता फॉलोअप चालू आहे, आई घरात आहे, सकाळी गच्चीत फेऱ्या मारते.

प्रत्येक फुगलेल्या पोटात कॅन्सर नसतो, कुणी घाबरू नका प्लीज. पण पाळी गेलेल्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं असेल तर आई, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कुणालाही ओव्यावर ठेवू नका, सोनोग्राफी करून घ्या.

कोपरखैरणे

पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोन्सचा बिघाड, कॉलेजपासून. वजन, हनुवटीवर केस, पाळी दोन दोन महिने नाही, आणि यायच्या आधी पोट असं फुगतं की एकाच आठवड्यात दोन मापाच्या जीन्स लागतात. ठाणे-वाशी लोकलमध्ये बायका गरोदर समजून उठून जागा देतात, त्यांचं मन चांगलं असतं म्हणून मी थँक्यू म्हणून बसते. मला जास्त त्रास होतो तो "वजन कमी कर, पीसीओडी जाईल" याचा. वजन थोडं उतरलं तरी पाळीला फायदा होतो हे खरंय, पण इन्सुलिन रेझिस्टन्समुळे, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्यामुळे, ते उतरवणंच अवघड असतं ना, ते कोण ऐकून घेतं. त्यासाठी माझी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, सुरुवातीला त्यानेच पोट बिघडलं, जेवणाबरोबर घ्यायला लागले तेव्हा सेट झालं.

घोडबंदर रोड

वडिलांचं हार्ट कमजोर आहे, पंपिंग कमी. थोडक्यात लिहितो. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेच कपडे, तोच काटा, वजन कॅलेंडरवर लिहितो. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर ते चरबी नाही पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. रात्री उशा वाढवून झोपावं लागणं हीपण खूण. याच सवयीमुळे गेल्या पावसाळ्यात अॅडमिट करायची वेळ टळली.

दिघा

वर्तकनगरचे दादा, माझ्या पुतणीला याच आठवड्यात नेफ्रोटिक सांगितलंय, वहिनी नुसती रडतेय. ती पट्टी कुठे मिळते? आणि शाळेत पाठवायचं का?

वर्तकनगर, ठाणे

ताई, केमिस्टकडे युरिन अल्ब्युमिन तपासायची पट्टी मागा. डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, आपल्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात, आणि रंग डबीवर लिहिलेल्या वेळेतच बघा, नंतर बदलतो. शाळेचं तिच्या डॉक्टरांना विचारा, सूज उतरल्यावर आमचा जात होता, फक्त स्टेरॉईड चालू असताना कांजिण्या गोवर असलेल्या मुलांपासून लांब ठेवायचं आणि कुठलीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वहिनींना माझ्या मिसेसशी बोलायचं असेल तर मेसेज करा, ती रात्री नऊनंतर मोकळी असते.